टायर झिजू नयेत म्हणून

टायर गोल असतो, यापलीकडे त्याच्याविषयी काही ठाऊक असण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. यकृतासारखंच हे. आहे, आपलं काम करतंय, मग कशाला उगाच त्याची चौकशी करा? पण एका रविवारी भर चौकात माझ्या गाडीने माझी जी शोभा केली, तेव्हापासून मी टायर या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकतो. बोलू दिलं जात नाही, तो भाग निराळा.

मेहुणीचा वाढदिवस होता. जेवायला बाहेर जायचं होतं. पुढे साडूंची गाडी, मागे आमची, असे आम्ही निघालो आणि सिग्नलला योगायोगाने शेजारी शेजारी उभे राहिलो. साडूंची गाडी काळी, लांबलचक आणि नवी. आमची गाडी आमच्या लग्नाइतकी जुनी नाही, पण आवाज साधारण तसेच करते. साडूंनी काच खाली करून माझ्याकडे बघून स्मित केलं. शेजारच्या गाडीतून स्मित करणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते पुरुषांना सांगावं लागत नाही.

सिग्नल हिरवा झाला. साडूंची गाडी तेलावरून सरकावी तशी निघून गेली. मीही दाबला ऍक्सिलरेटर. जरा जास्तच दाबला असेल. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, किंचाळली, जळक्या रबराचा वास आला, मी घाबरून क्लच सोडला, गाडीने एक सणसणीत उचकी दिली आणि ती बंद पडली. बायकोच्या मांडीवरचा केक डॅशबोर्डला भेटून परत आला. केकवर लिहिलेल्या शुभेच्छांपैकी निम्म्या गाडीने ठेवून घेतल्या.

"काय साडूभाऊ," जेवणाच्या टेबलावर साडू म्हणाले, "गाडी म्हणाली वाटतं, तुम्ही व्हा पुढे?"

सगळे हसले. मेहुणी हसली ते समजू शकतो, वाढदिवस तिचा होता. पण वाढपीसुद्धा हसला.

"माझ्याकडे गिऱ्हाईक आहे," साडू पुढे म्हणाले. "जुन्या गाड्या घेतो. भंगारवाल्यापेक्षा बरा माणूस आहे."

"देऊन टाकू," बायको म्हणाली आणि पदराला लागलेलं क्रीम पुसू लागली.

आता एक सांगायला हवं. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू, अगदी दाराच्या पायपुसण्यापर्यंत, कोणाच्या ना कोणाच्या सल्ल्याने आलेली आहे. ही गाडी तेवढी मी कोणालाही न विचारता घेतली होती. आयुष्यातला माझा एकमेव स्वतंत्र निर्णय तिच्या रूपाने इमारतीच्या तळघरात उभा असायचा. तो विकायचा म्हणजे मग माझं असं उरलं काय?

मी विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या खात्यात आहे. दोष दुसरीकडे दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. "दोष गाडीत नाही," मी शांतपणे म्हणालो. "टायरमध्ये आहे."

"अस्सं!" साडूंचे डोळे चमकले. "मग महिनाअखेरीला या की धावपट्टीवर. आमच्या मोटर क्लबच्या शर्यती आहेत. रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठीच. दोन दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत पाव मैल, अंतर कळायला कडेने खांब. वळण नाही, गिअरबिअरचं फार शास्त्र नाही. जागेवरून जो चांगला सुटला तो सुटला. मी उतरतोय."

"हेही उतरतील," बायको म्हणाली. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे. "शर्यत जिंका असं मी म्हणत नाही, तेवढी निर्दय मी नाही. नुसत्या पहिल्या खांबापर्यंत आपली गाडी पुढे दिसू दे. दिसली तर राहील. नाही दिसली तर गिऱ्हाईक."

मुख्याध्यापिकेने सुनावलेल्या शिक्षेवर अपील नसतं.

दुसऱ्या दिवशी मी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार कपाळावर चष्मा ठेवून हिंडणारा, प्रशस्त गृहस्थ होता.

"किती चालवायचाय?" त्याने विचारलं.

"पाव मैल."

"रोज?"

"नाही. एकदा. फार तर तीनदा."

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि मला नीट पाहून घेतलं. "साहेब, मी सांगतो तो घ्या. हा बघा. कडक रबर. दगड आहे दगड. तुम्ही जाल, हा टायर राहील."

"मला मऊ हवाय. रस्ता घट्ट धरणारा."

"मऊ धरतो," दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, "पण झिजतो."

इथे माझी जीभ अडली. 'झिजू दे' हे दोन शब्द उच्चारायचे होते. पण आमच्या घरात साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवली जाते. टूथपेस्टची ट्यूब आधी लाटली जाते, मग कापली जाते, मग तिच्या आतून ब्रश फिरवला जातो. सोफ्यावरचं प्लास्टिक सोफ्याबरोबरच म्हातारं झालंय. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे कप आहेत, लग्नात आलेले. चांगले पाहुणे आले की काढू, असं ठरलं होतं. अजून चांगले पाहुणे आलेले नाहीत. साडू मात्र दर महिन्याला येतात. अशा घरातल्या माणसाने पैसे मोजून झिजणारी वस्तू विकत घ्यायची, म्हणजे धर्मांतरच की!

"घरी विचारलंय का?" दुकानदाराने सहानुभूतीने विचारलं.

त्या प्रश्नाने माझ्यातला गाडी घेणारा माणूस जागा झाला. "द्या," मी म्हणालो. "दोन द्या. पुढच्या चाकांचे." आमच्या गाडीचं इंजिन पुढच्या चाकांना ओढायला लावतं, मागची चाकं, आमच्या खात्यातल्या वरिष्ठांसारखी, नुसती सोबत येतात.

दुकानदाराने मग मऊ रबराचे, जरासे रुंद असे दोन टायर दाखवले. जितकी रुंदी तितकी पकड, असं त्याचं म्हणणं. पण क्लबचा नियम असा की टायरचं माप गाडीच्या नोंदणीत असेल तेच हवं, नाहीतर नोंदणीत बदल करून आणा. म्हणून मी वाहन नोंदणी कार्यालयात गेलो. तिथे तीन खिडक्यांनी मला एकमेकींकडे पाठवलं आणि शेवटी पहिलीच खिडकी बरोबर निघाली.

"मालक बदलला?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही, मीच आहे."

"इंजिन?"

"तेच."

"मग बदललं काय?"

"टायर जरा रुंद होतायत."

बाईंनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "रुंदीचं काही दिसत नाही. रंग आहे. रंग बदलता का?"

"टायरचा?"

"गाडीचा हो. रंग बदलला की पुढे 'इतर बदल' उघडतं. रंग नाही तर इतर नाही."

"म्हणजे टायर रुंद करायला मी गाडी रंगवायची?"

"मी कशाला सांगू तुम्हाला काय करायचं?" बाई दुखावल्या. "गाडी तुमची."

गाडी माझी आहे असं एका सरकारी व्यक्तीने मान्य केलं, एवढंच समाधान घेऊन मी बाहेर पडलो आणि मूळ मापातलेच, पण मऊ रबराचे टायर घेतले. दुकानदार ते लगेच बसवणार होता. मी म्हटलं, छे, शर्यतीला अवकाश आहे, तोवर कशाला झिजवा? मी ते घरी आणले आणि दिवाणखान्यात, कपांच्या कपाटाशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले.

"पाहुणे किती दिवस आहेत?" बायकोने विचारलं.

"शर्यतीपर्यंत."

"त्यांना कप काढायचे का?"

मी चादर नीट खोचून घेतली. थट्टेला उत्तर द्यायला लागलं की संसारात दुसरं काही करता येत नाही.

शर्यतीच्या आठवड्यात टायर बसवून घेतले. "आता जरा हिंडवा गाडी," दुकानदार म्हणाला. "नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो. तो गेल्याशिवाय पकड यायची नाही." मी मनात हसलो. आधी झिजवा म्हणायचं आणि मग दुसरे विकायचे! असले डाव आमच्या खात्यात रोज बघतो मी. गाडी सरळ घरी आणली, तळघरात उभी केली आणि कामावर बसने जायला लागलो.

आमचं तळघर हे एक प्रकरण आहे. तिथून वर रस्त्यावर यायचा चढ इतका उभा आहे की तो बांधणाऱ्याच्या मनात बहुधा जिना असावा. त्या चढावर गाडी मध्येच थांबवावी लागली की माझी हटकून मागे घसरते. म्हणून गाडी वर काढायचं काम बायको करते. मी वर उभा राहून "ये, ये, ये" असं म्हणतो. जबाबदारीचं काम आहे ते.

शर्यतीची बातमी इमारतीत पसरली. पहिले आले वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. भौतिकशास्त्र शिकवायचे, अजूनही कोणी जिन्यात सापडलं तर शिकवतात. त्यांनी टायरला बोटाने दाबून पाहिलं. "हवा कमी करा. हवा कमी म्हणजे टायर बसका, बसका म्हणजे जमिनीला जास्त टेकलेला. साधं आहे."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना आधी तळघरात रबराचा वास येतोय अशी तक्रार करायची होती. पण समोर मत द्यायची संधी दिसल्यावर तक्रार मागे पडली. "हवा कमी? वेड लागलंय का? लंगड्या घोड्याला पळवणार तुम्ही! हवा टणक हवी, टणक."

"सेक्रेटरी, हे घर्षण आहे, सभेचा ठराव नव्हे."

"प्राध्यापक, तुमच्या स्कूटरला आयुष्यात कधी वेग आला का?"

मी दोघांपुढेही मान डोलावली. मान डोलावून प्रश्न सुटतात अशी माझी समजूत आहे. त्या दिवसभरात मात्र दोघंही आपापल्या सवडीने पुन्हा तळघरात उतरून गेले, एक हवा सोडायला आणि एक पायपंप घेऊन. दोघांनाही एकेकच चाक साधलं. परिणामी माझ्या डाव्या चाकात प्राध्यापकांचं मत भरलेलं होतं आणि उजव्या चाकात सेक्रेटरींचं.

मला याचा पत्ता नव्हता. मी आदल्या संध्याकाळी वेगळ्याच कामात होतो. चारचौघांत जायचं, साडूंच्या गाडीशेजारी उभं राहायचं, तर आपले टायर मळकट कसे चालतील? मी टायरचं पॉलिश आणलं आणि मऊ फडक्याने दोन्ही टायर चोळचोळ चोळले. नुसत्या बाजू नाही. जमिनीला टेकतो तो भागही, गाडी पुढेमागे सरकवून, खाचाखाचांत बोट घालून. दात घासताना आपण काय फक्त पुढचेच घासतो? पॉलिश झाल्यावर त्या टायरांत मला माझा चेहरा दिसला. समाधानी होता.

धावपट्टी गावाबाहेर होती, वाटेत चकाकी गेली म्हणून पोचल्यावर मी टायरांना पॉलिशचा आणखी एक हात दिला. तिथून विमानं उडायची केव्हाच थांबली होती; आता फक्त माणसांचे गर्व उडायचे. साडू काळा चष्मा लावून आले होते. मेहुणी टोपी घालून आली होती. प्राध्यापक आणि सेक्रेटरी एकाच गाडीतून, एकमेकांशी न बोलता आले होते. तपासणीवाल्याने टायरचं माप पाहिलं, नोंदणी पाहिली, "बाकी चकाचक आहेत हं!" असं म्हणाला आणि मी साडूंकडे एक कटाक्ष टाकला. प्रत्येक जोडीला तीन फेऱ्या होत्या.

पहिली फेरी. दिवा हिरवा झाला. मी सगळं धैर्य उजव्या पायात गोळा करून दाबलं. इंजिन गरजलं, चाकं फिरली, धूर निघाला, आणि गाडी होती तिथेच राहिली. राहिली असंही नाही म्हणता येणार. ती हळूहळू प्राध्यापकांच्या मताकडे, म्हणजे डावीकडे, तिरपी झाली. धुरात मला आधी बॉनेट दिसेना, मग भविष्य दिसेना.

"काळी गाडी शेवटच्या रेषेजवळ पोचली आहे," लाउडस्पीकरवरून निवेदक म्हणाला. "दुसरी गाडी अजून आपल्याकडेच आहे."

मी परत येऊन खाली उतरलो. टायरांतला माझा चेहरा गेला होता. रबराचे बारीक कण चाकाभोवती सांडले होते. एका फेरीत एवढं! काळीज तुटलं माझं. डावीउजवीकडची हवा पाहून ती मोजून सारखी करून घेतली. सेक्रेटरी आणि प्राध्यापक तेव्हा दोघंही आकाशात काही उडतंय का ते पाहत होते.

दुसऱ्या फेरीत मी धडा घेतलेला होता. क्लच इतका अलगद सोडला, इतका अलगद, की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात काढतोय. चाकं अजिबात घसरली नाहीत. फक्त गाडी निघाली तेव्हा साडू पहिला खांब ओलांडून गेले होते.

"गाडी निघते आहे," निवेदक म्हणाला. "निघाली. घाई कशालाच नाही."

लोक हसले. मी खाली उतरून गाडीला टेकून उभा राहिलो. साडू लांबून फोनवर बोलत होते. "हो, हो, संध्याकाळी येऊन बघून जा," एवढं मला ऐकू आलं. माझा स्वतंत्र निर्णय उन्हात उभा होता आणि त्याच्या पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

बायको आली. काही न बोलता चाकाजवळ वाकली. टायरच्या बाजूला हात टेकवायला गेली आणि तिचा हात सर्रकन घसरला.

"अहो, हे काय लावलंय?"

"पॉलिश."

तिने बोट पुढे नेलं, जमिनीला टेकतो त्या भागावर ठेवलं. तिथे ते चिकटलं. "इथे नाही लावलं?"

"तिथेही लावलं होतं. पहिल्या फेरीत जळून गेलं बहुतेक."

"जिथे चिकटायला हवं, तिथे तुम्ही निसरडं लावलंत?"

"चांगलं दिसावं म्हणून."

तिने डोळे मिटून घेतले. चारशे मुलांची शाळा चालवणारी बाई आहे, तिला श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. "बरं. ते गेलं जळून. आता टायर चिकटतोय. मग दुसऱ्या फेरीत काय झालं?"

"जपून सोडली मी."

"का?"

मी चपलेने मातीत रेघ ओढली. "झिजला असता."

ती उभी राहिली. मला वाटलं आता ओरडणार. पण तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. तसा तो क्वचितच हलतो.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"अगं, पण तुला..."

"रोज तळघरातून कोण काढतं गाडी?"

मी किल्ली दिली. क्लबच्या माणसाला तिने दोन वाक्यांत काय सांगितलं माहीत नाही, पण तो "हो मॅडम" म्हणाला आणि आपलं हेल्मेट काढून तिला देऊन मोकळा झाला. मी धावत पहिल्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. प्राध्यापक आणि सेक्रेटरीही आले. खांबाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा.

लांबवर दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. साडूंनी काच खाली करून माझ्या बायकोकडे बघून स्मित केलेलं मला इथूनही कळलं. आमच्या गाडीची काच वरच होती. इंजिनाचा आवाज मला ओळखीचा वाटला. तळघरात, चढाच्या मध्यावर, पुढे कोणी आडवं आलं की बायको गाडी अशीच अर्ध्या क्लचवर धरते. ना पुढे, ना मागे, नुसती थरथरत.

दिवा हिरवा झाला.

चाकं एकदाच चुर्रर्र करून बोलली, आणि मग बोलायची थांबून चालायला लागली. गाडीचं नाक उचललं गेलं. माझी गाडी! जिला मी चौकात उचकी देताना पाहिलं होतं, ती कानात वारा शिरलेल्या वासरासारखी उसळून सुटली. काळी गाडी तिच्या मागे होती. मागे! मला काय झालं कोण जाणे, मी दोन्ही हात वर करून ओरडायला लागलो, "ये, ये, ये, ये!"

ती आली. खांब ओलांडून गेली. प्राध्यापकांनी सेक्रेटरींना मिठी मारली आणि लगेच सोडली.

पुढे मध्यावर कुठेतरी साडूंच्या मोठ्या इंजिनाने आमच्या गाडीला गाठलं आणि शेवटची रेषा त्यांनीच आधी ओलांडली. शर्यत ते जिंकले. तसं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलंही, आणि सगळ्यांनी "हो का?" असं म्हटलं.

"पण ताईंनी चालवली," साडू गाडीतून उतरत म्हणाले. "हे धरायचं का?"

"अट गाडीची होती," बायकोने हेल्मेट काढून केस सारखे केले. "चालवणाऱ्याची नव्हती. तुमच्या गिऱ्हाइकाला फोन करा."

"ताई, मलाही शिकव ना," मेहुणी म्हणाली, आणि साडूंनी काळा चष्मा पुन्हा लावला.

परतताना बायकोच चालवत होती. प्रत्येक सिग्नलला आम्ही पहिले सुटलो. शेजारच्या गाड्यांना आपण शर्यतीत आहोत हे कळायच्या आत त्या हरलेल्या असत. मी सीटची कड घट्ट धरली होती आणि मनातल्या मनात रबराचा हिशोब करत होतो.

"किती टिकतील हो हे?" तिने विचारलं.

"असं चालवलंस तर वर्षभरात संपतील."

"मग नवे आणू," ती म्हणाली, आणि पुढचा सिग्नल हिरवा झाला.

घरी आल्यावर ती हातही न धुता काचेच्या कपाटापाशी गेली. कपाट इतक्या वर्षांनी उघडताना कुरकुरलं. तिने सोनेरी काठाचे दोन कप बाहेर काढले आणि चहा ठेवला.

"कोण येतंय?" मी विचारलं.

"आलेत की."

कपाच्या सोनेरी काठावर तिच्या बोटाचा काळा, रबरी ठसा उमटला होता. 'जपून' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. चहाबरोबर गिळून टाकला. चहा चांगला झाला होता.

"उद्यापासून शाळेत गाडी मी नेते," ती कप खाली ठेवत म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्हाला बसची सवय झालीये आता."

तर गाडी राहिली, फक्त माझ्याकडे राहिली नाही. रोज सकाळी ती तळघराच्या अंधारातून बाणासारखी वर येते. मी वर उभा असतो, "ये, ये" म्हणतो आणि चटकन बाजूला होतो. पूर्वी बाजूला व्हावं लागायचं नाही.